पाळणाऱ्याच्या बाजूने

चर्चमध्ये मेंढरांवर संदेश असला की ऐकणारे सगळे आपोआप मेंढरं होतात. प्रभू मेंढपाळ, आपण कळप. आपण बहकतो, तो शोधतो. लहानपणापासून हे इतक्यांदा कानावरून गेलंय की तेविसावं स्तोत्र सुरू व्हायचा अवकाश, मन आधीच हिरव्या कुरणात जाऊन बसलेलं असतं. त्यात वावगं काही नाही. पण घरी जनावरं असली की एक पंचाईत होते. रविवारी सकाळी बाकावर मेंढरू होऊन बसलेली बाई त्याच दिवशी संध्याकाळी हातात बादली घेऊन मेंढपाळाच्या जागी उभी असते. आणि त्या जागेवरून तीच वचनं वाचायला घेतली की त्यांतलं काही फार जड वाटू लागतं, काही चक्क गैरसोयीचं.

आमच्याकडे मेंढरं आहेत, दोन-चार शेळ्या, एक गाय, एक म्हातारी गाढवी आणि खुराडंभर कोंबड्या. जनावरांकडून विश्वासाचे धडे घ्यायचे म्हटलं की लोकांना मेंढीचा गरीब स्वभाव, मुंगीचा उद्योग असलं काहीतरी आठवतं. मला जनावरांच्या सद्गुणांत फारसा रस उरलेला नाही. मेंढी गरीब नसते, घाबरट असते. शेळी तर दिवसभर कुंपणाला फट कुठे आहे तेवढंच बघते. मला जे काही मिळालं ते त्यांची उस्तवार करताना मिळालं. सांभाळणाऱ्याला काय सोसावं लागतं, तो कशाने चिडतो, कशाने हताश होतो हे हातांना कळलं, आणि देव स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतो तेव्हा त्याने केवढं कबूल करून ठेवलंय, ते जरा जरा उमगायला लागलं.

सगळ्यात आधी, जनावर पाळणं म्हणजे हजेरी. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, कोणी वारलेलं असो; सकाळ-संध्याकाळ वैरण टाकायची, पाणी दाखवायचं, धार काढायची, शेण काढायचं. गायीची कास आपलं मन बघून भरत नाही. 'हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही' अशी तक्रार मंडळीत अनेकजण करतात, मीही करते. पण धार काढताना मन लागतंय का, हे गायीने मला कधी विचारलं नाही. हात स्वच्छ आहेत ना, वेळेवर आलीस ना, एवढ्यावर ती पान्हा सोडते. विश्वासात भावनेला आपण जरा जास्तच मान दिला आहे, असं माझं मत त्या गोठ्यात बनलं. मन लागेल तेव्हा लागेल, तोवर वेळेवर जावं.

नाताळात गव्हाणीचा देखावा मांडतो त्यात बैल आणि गाढव हटकून असतात. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव यांचा उल्लेख नाही. ते आले यशयाच्या पहिल्याच अध्यायातून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखतं, माझी प्रजा मात्र मला ओळखत नाही. असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो इथे नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं, आणि तेव्हापासून ती प्रथा फोफावली. म्हणजे आपण ज्यांना शोभेची जनावरं समजतो ती खरं तर देवाच्या तक्रारीतले साक्षीदार आहेत. आमची गाढवी रोज संध्याकाळी न हाकता आपल्या गव्हाणीशी येऊन उभी राहते, तेव्हा यशयाचा सूर किती घरगुती वैतागाचा आहे ते कळतं. जनावराला कळतं, तुम्हाला का नाही कळत?

गव्हाणीवरून नीतिसूत्रांतलं एक वचन निघतं. चौदाव्या अध्यायात म्हटलंय की बैल नसतात तिथे गव्हाण स्वच्छ राहते, पण बैलाच्या बळावर पीक भरपूर येतं. यावर मी कधी संदेश ऐकलेला नाही, आणि ऐकायला हवा होता. कारण मंडळीचं निम्मं भांडण या एका ओळीत आलंय. नवी माणसं आली की घाण होते. त्यांची मुलं उपासनेत ओरडतात, त्यांची लफडी त्यांच्याबरोबर येतात, कोणाला व्यसन असतं, कोणी उसने पैसे मागतो. मग कोणीतरी वडीलधारं म्हणतं की पूर्वी आपलं चर्च किती शांत होतं. होतं ना. बैल नव्हते. शेणाला नाक मुरडणाऱ्याने दुधाची अपेक्षा धरू नये, एवढं व्यवहारज्ञान त्या सूत्रकाराला होतं. आपण मात्र दोन्ही मागतो, भरलेली बाकं आणि कोरी फरशी. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली, पोप झाल्यावर अवघ्या काही दिवसांत, धर्मगुरूंना सांगितलं होतं की अंगाला मेंढरांचा वास येणारे मेंढपाळ व्हा. ज्यांनी ते वाक्य कौतुकाने भिंतीवर लावलं त्यांच्यापैकी किती जणांनी भिजलेल्या मेंढीचा वास घेतलाय कोण जाणे. तो आंघोळीने जात नाही. लोकरीतल्या तेलाने तो हाताला धरून बसतो आणि जेवताना घासाबरोबर नाकापर्यंत येतो.

आता आवाजाचं. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मेंढरं मेंढपाळाची वाणी ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत. हे अक्षरशः खरं आहे. आमच्याकडे आलेला एखादा हौशी पाहुणा मी घालते तशीच हाक घालून बघतो. मेंढरं माना वर करतात, एकवार बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. मी हाक घातली की धावत येतात. मेंढीला आपण मठ्ठ ठरवून टाकलंय, पण तिची ओळख पक्की असते. कीथ केन्ड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मेंढ्यांनी पन्नास निरनिराळ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवले होते.

पण संदेशात इथे थांबतात, आणि गोठ्यात थांबता येत नाही. मेंढरं माझ्या आवाजाला धावतात ती प्रेमाने की बादलीसाठी? खरं सांगायचं तर बादलीसाठी. रिकाम्या हाताने सलग हाका घातल्या तर चौथ्या-पाचव्या दिवशी धावण्याचा वेग कमी होतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मन थोडं खट्टू झालं. मग योहानाचाच सहावा अध्याय आठवला. भाकरी खाऊन तृप्त झालेली गर्दी दुसऱ्या दिवशी येशूला शोधत समुद्रापलीकडे जाते, आणि तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाल्ल्या म्हणून मला शोधताय. त्याला माहीत होतं. माहीत असूनही त्याने आदल्या दिवशी पाच हजारांना जेवू घातलं होतं. आपल्या प्रार्थनांची यादी काढली तर बादलीच जास्त निघेल: नोकरी, दुखणं, मुलांचं शिक्षण. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. हल्ली कमी वाटते. कळप बादलीसाठी येतो, येता येता आवाज ओळखीचा होतो, आणि एखादी मेंढी खाणं संपल्यावरही उगाच पायाशी घुटमळत राहते. घुटमळणाऱ्या मेंढीवर पाळणाऱ्याचा विशेष जीव जडतो. म्हणून बाकीच्यांना मी उपाशी ठेवत नाही.

खुरं कापण्याचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं. ओल्या जमिनीवर मेंढीची खुरं वाढतात, वाढलेली कड आत वळते, तिच्याखाली चिखल दाबून बसतो आणि सडायला लागतो. मग मेंढी लंगडते. फार झालं तर पुढचे गुडघे टेकून चरते. तिला धरून बुडावर बसवायचं, पाठ आपल्या पायांना टेकवायची, एकेक खूर हातात घेऊन घाण खरवडायची आणि वाढलेली कड कापत जायचं, गुलाबी दिसू लागेपर्यंत. गुलाबी दिसलं की थांबायचं. त्यापुढे रक्त येतं. सडलेल्या खुराचा वास असा की श्वास रोखून काम करावं लागतं. मला हे शिकवणारे एक म्हातारे मेंढपाळ होते, मी त्यांना काका म्हणायची. "अगं, ओढू नकोस तिला," ते म्हणायचे. "टेकव. अंगाला अंग लागलं की धडधड कमी होते." आणि होतेही. पण टेकवेपर्यंत तिच्या आडव्या बाहुलीच्या डोळ्यांत जे असतं त्याला भीती सोडून दुसरं नाव नाही. तिच्या लेखी मी लांडगा झालेली असते. वेदना थांबावी म्हणून मी हे करतेय हे तिला सांगायची सोय नाही. माझ्याकडे तशी भाषा नाही आणि तिच्याकडे तसा कान नाही. काम झालं की ती लंगडत दूरच्या कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहते, आणि दोन दिवसांत नीट चालू लागते. चालण्याचा आणि माझा काही संबंध आहे हे तिच्या गावीही नसतं.

इथून पुढे उपदेश सोपा आहे: देवही आपल्याशी असंच करतो, दुःख म्हणजे त्याची खुरं कापण्याची सुरी. मी हे म्हणणार नाही. लेकरू गेलेल्या एका बाईशी माझं बोलणं झालेलं आहे, आणि तिला कोणीतरी नेमकं हेच सांगितलं होतं. गोठ्यात मला पाळणाऱ्याच्या बाजूचं कळतं, ते एवढंच की ज्याला सगळं दिसतंय त्यालाही, आपल्याला शत्रू समजलं जातंय हे सोसावं लागतं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांना प्रत्येक दुखण्याचं कारण माहीत होतं आणि शेवटी देवाने त्यांनाच खोटं ठरवलं.

याच ओळीतली एक गोष्ट संदेशांतून फिरत असते, ती एकदाची मोडीत काढली पाहिजे. म्हणे जुन्या काळी वारंवार भटकणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडायचा, मग पाय बरा होईस्तोवर त्याला खांद्यावर वागवायचा, म्हणजे ते त्याला चिकटून राहायला शिके. बायबलमध्ये ही गोष्ट कुठेही नाही. आणि ज्याने एकदा तरी मोडक्या पायाचं कोकरू सांभाळलंय तो ही कल्पना करणार नाही. हाड नीट सांधेल याची खात्री नसते, चरत्या कळपाबरोबर ते चालू शकत नाही, आणि मेंढपाळाला दोन खांदे सोडून बाकीही कामं असतात. ही गोष्ट ज्याने रचली त्याला मेंढरू माहीत नव्हतं. देव तरी किती माहीत होता याची मला शंका आहे. बायबलमधला मेंढपाळ वेगळा चालतो. उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात एसाव आपल्या भावाला, याकोबाला म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तुम्ही पुढे व्हा. माझ्याबरोबर पोरंबाळं आहेत, पाजणारी जनावरं आहेत, यांना एक दिवस जरी फार दामटलं तरी कळप मरेल. मी आपला यांच्या चालीने हळूहळू येतो. याकोब तसा लबाड माणूस, एसावाला टाळायलाच तो हे बोलला असेल. पण कळपाविषयी जे बोलला ते अनुभवाचं आहे. पाजणाऱ्या मेंढ्यांचा वेग हाच कळपाचा वेग. मंडळी चालवणाऱ्या पाळकांनी आणि पुढाऱ्यांनी हा अध्याय कधीतरी शांतपणे वाचावा.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत मला पूर्वी गोड वाटायचा. लूकच्या पंधराव्या अध्यायात येशू विचारतो, शंभर मेंढरं असून एक हरवलं तर नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्या मागे कोण जाणार नाही? पाळणाऱ्याचं उत्तर असं आहे: बरेचजण जाणार नाहीत. रानात सोडलेल्या नव्व्याण्णवांचं काय होईल ते आधी बघतील. प्रश्न इतक्या सहज विचारलाय, जणू 'अर्थात सगळेच जातील' हेच उत्तर आहे. आणि ऐकणारे मेंढपाळ एकमेकांकडे बघून हसले असतील, असं मला वाटतं. हिशेबाच्या वहीत ते एक मेंढरू तोट्याच्या रकान्यात लिहून विषय संपतो. पुढे तो त्याला खांद्यावर घेतो. रोमच्या भुयारी दफनभूमींत, तिसऱ्या शतकातल्या चित्रांत, उत्तम मेंढपाळ असाच रंगवलेला आहे, देखणा तरुण आणि खांद्यावर टोपलीभर वजनाचं जनावर. वाढलेली मेंढी चाळीस-पन्नास किलोंची सहज भरते. घाबरलेली असते, लाथा झाडते, मानेवर मुतते. तिला घेऊन चढ उतरून यायचं. 'आनंदाने' खांद्यावर घेतो, असं लूक लिहितो, आणि तो एक शब्द मला अजून पचलेला नाही. मी अशा वेळी शिव्या देत असते.

कोंबड्यांबद्दल थोडं. खुडूक बसलेली कोंबडी ज्याने जवळून पाहिली नाही त्याला यरुशलेमवरचा येशूचा विलाप अर्धाच कळतो: कोंबडी पिल्लांना पंखांखाली गोळा करते तसं तुझ्या मुलांना गोळा करायचं कितीदा माझ्या मनात होतं. खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसते. दिवसातून एकदा घाईघाईने उठते, खाते, पिते, घाण टाकते आणि परत येते. पोटाखालची पिसं झडून तिथली कातडी उघडी पडलेली असते, अंड्यांना थेट ऊब लागावी म्हणून. अंडी चोचीने फिरवत राहते. वजन घटतं, तुरा फिका पडतो. हात घातला तर अंग फुगवून चोच मारते, आणि मारताना जागची हलत नाही. शेवटच्या दिवसांत अंड्यातून बारीक चिवचिव येते आणि ती घशातल्या घशात तिला उत्तर देते. पिल्लं बाहेर आली की पहिले काही आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. पावसाची सर आली की ती बसते, पंख थोडे उचलते, एक विशिष्ट आवाज काढते, आणि पिल्लं आत शिरतात. वरून बघितलं तर एकच कोंबडी आणि बाजूने डोकावणारे डझनभर पाय.

इस्राएलाला देवाने कसं वाढवलं हे बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात सांगताना गरुडाची उपमा आलीय, पिल्लांना पंखांवर वाहून नेणाऱ्या गरुडाची. येशूपुढे तो गरुड तयार होता. त्याने कोंबडी घेतली. राज्याच्या मुद्रेवर कोणी कोंबडी कोरत नाही. कोल्ह्यापुढे तिचं काही चालत नाही, तिच्याकडे फक्त स्वतःचं अंग आहे मध्ये घालायला. (लूकच्या तेराव्या अध्यायात हा विलाप येतो तो हेरोद राजाला कोल्हा म्हटल्यावर लगेच. तिथे उगीच काही आलेलं नाही.) आणि तिची एक मर्यादा मला फार उशिरा ध्यानात आली: कोंबडी पिल्लाला उचलून आणू शकत नाही. मांजर पिल्लू मानेला धरून नेते, कोंबडीला ते जमत नाही. तिने बोलवायचं, पंख उचलून बसायचं. शिरायचं ते पिल्लाने. एखादं पिल्लू बाहेर भिजत चिवचिवत राहिलं तर ती नुसती जास्त जोराने बोलवते. 'पण तुमची इच्छा नव्हती' हे येशूचं वाक्य तिथलं आहे.

बाकी कोंबड्यांत संतपणा काही नाही. खुराड्यात कोणी कोणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. थोरलाइफ शेल्डेरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९२१ च्या सुमारास ती पहिल्यांदा नीट मांडली, त्याआधीही दाणे टाकणाऱ्या प्रत्येक बाईला ती ठाऊक होतीच. शेवटच्या भोजनाच्या मेजावर, भाकर मोडून झाल्यावर, शिष्यांत आपल्यात मोठा कोण यावर वाद झाला असं लूक सांगतो. मला तो प्रसंग वाचताना दरवेळी दाण्यांची परात दिसते.

गाढवी हट्टी नाही, हे मात्र मला लिहून ठेवायचंय. घोडा घाबरला की उधळतो. गाढव घाबरलं की थांबतं आणि विचार करतं. ज्या पुलाची फळी तिला पटत नाही त्यावर ती पाय ठेवणार नाही, मग मागून कितीही ढकला. गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातल्या बलामाला हे कळलं नाही. त्याने आपल्या गाढवीला तीनदा मारलं आणि तिन्ही वेळा तिला वाटेतला तलवारधारी देवदूत दिसत होता. द्रष्टा म्हणून दूरदूरवर नाव असलेल्या धन्याला दिसत नव्हता. मंडळीतही एखादं माणूस असतं, कुठल्याही नव्या उत्साही ठरावाला पाय रोवून उभं राहणारं. त्यातली काही निव्वळ आडमुठी असतात, हे खरं. पण मारण्याआधी एकदा वाटेत काय आहे ते बघावं.

ठिपकीची गोष्ट सांगायची राहिली. ठिपकी आमची मेंढी, नाकावर काळे ठिपके म्हणून ठिपकी. एका वर्षी तिचं कोकरू मेलेलं जन्मलं, आणि त्याच रात्री दुसरी मेंढी वेतात गेली. मागे राहिलं एक अशक्त कोकरू. ठिपकीच्या सडात चीक होता आणि कोकराला तो काही तासांतच मिळायला हवा होता. चोवीस तास उलटले की कोकराचं आतडं चिकातली रोगप्रतिकारक शक्ती शोषून घेऊ शकत नाही. पण मेंढी आपलं कोकरू वासाने ओळखते. परकं कोकरू कासेशी गेलं की आधी शेपटीशी हुंगते, आणि मग डोक्याने असं उडवते की ते भिंतीवर जाऊन पडतं. ठिपकीने दोनदा उडवलं. तेव्हा काकांनी जुना उपाय केला. मेलेल्या कोकराचं कातडं काढलं, चार पायांपुरती भोकं ठेवली, आणि ते ओलं कातडं त्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवलं. पाय घालताना ते थरथरत होतं, कातडं त्याला मोठं होत होतं, शेपटीवर शेपूट. ठिपकी हुंगली. पुन्हा हुंगली. बराच वेळ काही ठरेना. मग तिच्या घशातून तो आवाज आला जो मेंढ्या फक्त आपल्या कोकरासाठी काढतात, आणि कोकरू कासेला लागलं.

हा उपाय जगभरच्या मेंढपाळांना माहीत आहे आणि संदेशांतही येतो: ख्रिस्ताला परिधान केल्याने पिता आपल्याला स्वीकारतो, गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय. चांगला आहे दृष्टांत, फक्त जरा लंगडा. देव हुंगून फसतो असं काही मला म्हणायचं नाही. शास्त्रात करडाची कातडी लेवून बापाला फसवणारा याकोब आहेच, आणि त्याचं पुढे काय झालं तेही आहे. मला त्या रात्रीनंतरचं जास्त आठवतं. कातडं दोन-तीन दिवसांत वास मारू लागतं, काढून टाकावं लागतं. काढताना भीती होती की ती पुन्हा उडवेल. नाही उडवलं. तोवर तिचंच दूध त्या कोकराच्या पोटातून फिरलेलं होतं आणि आता त्याला तिचाच वास येत होता. पौल रोमकरांना दत्तकपणाच्या आत्म्याबद्दल लिहितो ते मी त्यानंतर दुधाच्या अंगाने वाचते.

आणि आता गैरसोयीचं. मी मेंढरं सांभाळते ती कशासाठी? लोकरीसाठी. दुधासाठी. कोकरं विकण्यासाठी. कोकरं विकत घेणारा त्यांचं काय करतो ते मला माहीत आहे. मी रात्री उठून ज्याला चीक पाजते ते कोकरू काही महिन्यांनी वजनकाट्यावर चढतं. जगातला प्रत्येक मेंढपाळ, कितीही प्रेमळ असला तरी, शेवटी कळपावर जगतो. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव इस्राएलाच्या मेंढपाळांवर कडाडतो: तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पुष्ट मेंढरं मारता, पण कळपाला चारत नाही, दुबळ्यांना बळ दिलं नाही, मोडलेल्यांना पट्टी बांधली नाही, हरवलेल्यांचा शोध घेतला नाही. मी ती यादी वाचताना एकेक कलम स्वतःशी ताडून बघते. पट्टी बांधते, शोधायला जाते. चरबी मात्र खाते. मग देव म्हणतो, आता मीच माझी मेंढरं चारीन. आणि तो आला तेव्हा काय म्हणाला? उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो.

हे वाक्य चर्चच्या काचेवर रंगवलेलं असल्याने त्यातला वेडेपणा आपल्याला दिसत नाही. मेंढरासाठी मेंढपाळाने मरायचं? मग कळप कोण सांभाळणार? लांडगा आला तर मी काठी घेऊन धावेन, आरडाओरडा करीन, पण माझा जीव आणि मेंढराचा जीव असा सौदा पडला तर मेंढरू जाईल, आणि कोणी मला दोष देणार नाही. गोठ्यातला सारा व्यवहार एकाच दिशेने वाहतो, जनावराकडून पाळणाऱ्याकडे. इथे तो उलटा वाहतो. आणि उलटा वाहून थांबत नाही, तर मेंढपाळ स्वतःच कोकरू होतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देनेकाठी त्याच्याकडे बोट दाखवून 'देवाचा कोकरा' म्हटलं. काट्यावर चढणाऱ्या बाजूला तो जाऊन उभा राहिला. मी कोकरं विकायला नेते त्या दिवशी मला हे वचन नको असतं. नेमकं त्याच दिवशी ते आठवतं.

यातून मांस खाऊ नये असा निष्कर्ष मी काढलेला नाही; काहीजण काढतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. शास्त्रात जनावराला हिशेबात धरल्याच्या खुणा मात्र जागोजाग आहेत, आणि त्या मी पूर्वी वगळून वाचत होते. शब्बाथाचा विसावा बैलाला आणि गाढवालाही आहे. मळणीच्या बैलाला मुसकी घालायची नाही. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर टाळून पुढे जायचं नाही, हात लावायचा. जलप्रलयानंतरचा करार नोहाबरोबर आहे तसा गुराढोरांबरोबरही आहे. आणि योनाचं पुस्तक. निनवेचा राजा पश्चात्तापाची दवंडी पिटतो तेव्हा जनावरांनाही उपास घडवतो, त्यांच्या अंगावर गोणताट घालतो. उपाशी गुरांनी त्या शहरात काय हंबरडा फोडला असेल! शेवटी, शहराचा नाश टळला म्हणून रुसून बसलेल्या योनाला देव विचारतो की ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं या शहरात आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, मग मला त्याची कीव येऊ नये काय? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

ठिपकीचे पुढचे दात पडलेत. गवत नीट तोडता येत नाही, यंदा गाभणही राहिली नाही. अशी मेंढी ठेवत नाहीत. नवऱ्याने परवा विषय काढला, आणि हिशेबाने तो चुकीचं काही बोलत नव्हता. मी योनाचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं.

"आहे ना, गुरंढोरं आहेत त्यात," तो म्हणाला. "पण अगं, निनवेत वैरण कोण विकत घेत होतं?"

मी म्हटलं, मी घेईन. तो म्हणाला, बघू.